येलच्या अंकांतला ‘डॉग’

‘हॉट डॉग’ या नावामागची एक गोष्ट अमेरिकेत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर थंडीत फेरीवाले गरम सॉसेज विकत फिरत होते. व्यंगचित्रकार टॅड डॉर्गनने ते पाहून पावात बसलेला लांबुडका डॅक्सहुंड कुत्रा रेखाटला. पण ‘डॅक्सहुंड’चे स्पेलिंग आठवेना, म्हणून खाली नुसते ‘हॉट डॉग’ लिहिले. गोष्ट रंगतदार आहे, पण ते चित्र आजवर कोणालाही सापडलेले नाही. आणि हे नाव तर डॉर्गन न्यूयॉर्कला येण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या अंकांत छापून गेले होते.

त्या काळच्या कॉलेजात ‘डॉग’ म्हणजे केवळ कुत्रा नव्हे. येल विद्यापीठाचा पदवीधर लायमन बॅग याने 1871 मध्ये तिथल्या विद्यार्थिजीवनावर एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि त्यात कॉलेजची बोलीही नोंदवली. त्याने ‘डॉग’चा अर्थ दिला आहे थाट, भपका. कोणी झकपक कपडे करून मिरवू लागला की तो ‘डॉग’ करतो आहे, असे मुले म्हणत. खराखुरा कुत्राही येलमध्ये होताच: 1889 पासून ‘हँडसम डॅन’ हा बुलडॉग खेळाडूंबरोबर मैदानावर येऊ लागला.

थाटाचा हा अर्थ येलपुरता राहिला नाही. मिशिगन विद्यापीठातल्या मुलांचे ‘रिंकल’ नावाचे विनोदी नियतकालिक होते. त्याच्या ऑक्टोबर 1894 च्या अंकात एक ‘हॉट डॉग’ नवागत भेटतो. ग्रीक अक्षरांची नावे लावणारी विद्यार्थिमंडळे दरवर्षी नव्या मुलांना आपल्याकडे ओढत. या मुलाच्या कपड्यांना भुलून एका मंडळाने त्याला घेतले आणि मग कपाळावर हात मारला. इथला ‘हॉट डॉग’ म्हणजे छानछोकीचा माणूस. त्याचा खाण्याशी काही संबंध नाही.

खाण्यातला ‘डॉग’ वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट किळसवाणी होती. जर्मन खाटकांच्या सॉसेजमध्ये कुत्र्याचे मांस असते, हा संशय अमेरिकेत फार जुना. सेप्टिमस विनरच्या 1864 च्या गाजलेल्या गाण्यात हरवलेल्या कुत्र्याचा शोध शेवटी सॉसेजपाशीच येऊन थांबतो. आपण जे खातो त्यालाच ‘डॉग’ म्हणायचे, यात वसतिगृहातल्या मुलांना विलक्षण मजा वाटली असणार. न्यू हेवनमध्ये येलच्या आसपास रात्री उशिरापर्यंत खाण्याच्या गाड्या उभ्या असत. त्या झाल्या ‘डॉग वॅगन’. त्यांतल्या एका गाडीचे नाव तर ‘केनेल क्लब’.

5 ऑक्टोबर 1895 च्या ‘येल रेकॉर्ड’ या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात अशा गाडीवर चार ओळी आल्या. कुत्र्यांना भुंकण्यात आणि चावण्यात आनंद असतो म्हणतात, पण आपल्याला पावात घातलेल्या ‘डॉग’चा चावा घेण्यातच सुख आहे, अशी त्यांतली कल्पना. दोनच आठवड्यांनी, 19 ऑक्टोबरला, त्याच नियतकालिकाने गाडी पळवून चॅपलपाशी नेल्याची काल्पनिक हकिगत छापली. येलमध्ये तेव्हा प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती, आणि ती सक्ती 1926 पर्यंत टिकली. हकिगतीतली मंडळी सबंध प्रार्थना होईपर्यंत समाधानाने ‘हॉट डॉग’ चघळत बसतात. लेखकाने शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता, हे त्यावरूनच कळते.

हे संदर्भ उजेडात आणण्याचे मोठे काम बॅरी पॉपिक यांनी केले. पोटापाण्यासाठी ते न्यूयॉर्कमध्ये पार्किंगच्या दंडाचे खटले ऐकत, आणि उरलेला वेळ जुन्या छापील मजकुरात घालवत. जेराल्ड कोहेन आणि डेव्हिड शुलमन यांच्याबरोबर त्यांनी 2004 मध्ये या एकाच नावाच्या उगमावर आख्खे पुस्तक काढले. कोश करणारे प्रतिष्ठित ग्रंथ चाळत बसतात. बोली मात्र अशा थिल्लर समजल्या गेलेल्या अंकांतच जिवंत सापडते, हे त्यांच्या चिकाटीने दाखवून दिले.

पुढे शोध आणखी मागे गेला. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या एका दैनिकात 1892 च्या अखेरीसच ‘हॉट डॉग’ आढळला, तेव्हा पहिल्या छापील उल्लेखाचा मान येलला देता येत नाही. डॉर्गननेही हा शब्द आपल्या चित्रांत वापरला, पण तो डिसेंबर 1906 मध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीच्या वेळी. येलच्या मुलांनी तो छापून तोवर अकरा वर्षे उलटली होती.