ठिगळें आणि विश्वास

संगणकाच्या आज्ञावलींतील दुरुस्तीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, हें नांव पडलें तें अक्षरशः खरें होतें. पूर्वीं आज्ञावली कागदी फितीवर भोकें पाडून लिहीत. चूक आढळली कीं तेवढ्या जागीं कागदाचा तुकडा चिकटवीत. फिती गेल्या, शब्द मात्र राहिला. १९८५ सालीं लॅरी वॉल यांनीं दोन पाठांतील भेद मूळ पाठास आपोआप लावणारी ‘पॅच’ नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली, आणि परस्परांस अपरिचित अशा माणसांना दूर राहून एकाच संहितेची दुरुस्ती करणें सुलभ झालें.

हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली अशाच ठिगळांनीं वाढली. तिची संहिता सर्वांस खुली आहे. नवशिक्याचें पहिलें ठिगळ पुष्कळदां सफाईचेंच असतें: ओळीआरंभींचा समास ८ अक्षरांचा करणें, ओळीअखेरची निरर्थक मोकळी जागा काढणें. काम क्षुद्र दिसतें. नियम मात्र कडक आहे. एका ठिगळांत एकच बदल असावा. सफाई निराळी, अर्थांतर निराळें. २००४ पासून प्रत्येक ठिगळाखालीं पाठविणाराची नांवानिशीं ग्वाहीहि लागते.

इतकें सोवळें कशासाठीं? नोव्हेंबर २००३ मध्यें लिनक्सच्या एका दुय्यम प्रतींत कोणा अज्ञातानें दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहतां ती साधी तपासणी होती. परंतु ‘समान आहे काय?’ असें विचारण्यास बरोबरीचीं दोन चिन्हें लागतात. तेथें एकच होतें. त्यामुळें प्रश्नाची आज्ञा झाली, आणि ती युक्ति जाणणारास यंत्राचें संपूर्ण स्वामित्व मिळालें असतें. मूळ प्रतीशीं मेळ बसेना, म्हणूनच ही लबाडी उघडकीस आली. तेंच एक चिन्ह शेंकडों ओळींच्या समासदुरुस्तींत मिसळून आलें असतें, तर कोणत्या परीक्षकाच्या नजरेस पडलें असतें?

अर्थात् सफाईचा अतिरेकहि उपद्रवीच. अमुक ओळ कोणीं, केव्हां, कां लिहिली याची नोंद तिच्याखालीं झांकली जाते, आणि इतरांचीं तयार ठिगळें बसेनाशीं होतात. म्हणून जुन्या, सुरळीत चालणाऱ्या भागांतील केवळ बाह्य सफाई परीक्षक पुष्कळदां नाकारतात. ओबडधोबड संहितेसाठीं २००८ मध्यें ‘स्टेजिंग’ हा निराळा विभाग काढला, तेथें मात्र तिचें स्वागत होतें.

टापटीप ही येथें केवळ हौस नव्हे. ज्याला आपण कधीं भेटणार नाहीं त्याच्या शब्दावर विसंबावयाचें, तर त्याचा प्रत्येक बदल उघड्या डोळ्यांनीं वाचतां आला पाहिजे.