मिलिकनचा प्रामाणिकपणा

वर्गात एकदा एका मुलाने विचारले, "सर, प्रकाश म्हणजे तरंग की कण?" मी म्हटले, "पुस्तकात आहे तेवढे लिही, बस खाली."

१९०५ साली आइन्स्टाइनने मांडले की प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत असते. अमेरिकेतल्या मिलिकनला हे मुळीच पटले नाही. ते खोटे पाडायला त्याने सुमारे दहा वर्षे प्रयोग केले आणि १९१६ मध्ये छापले काय, तर आइन्स्टाइनचे समीकरण बरोबर! पुंजाची कल्पना मात्र तेव्हाही त्याला अमान्यच होती. १९२३ साली कॉम्प्टनच्या क्ष-किरणांच्या प्रयोगानंतर बहुतेकांचा विरोध मावळला. 'फोटॉन' हे नाव रूढ झाले ते १९२६ नंतर.

न पटलेले उत्तरही मिलिकनने लपवले नाही. मी तर साधा प्रश्नच दडपला. तो मुलगा आता पन्नाशीत असेल.