निम्न मेघांची जाडी : उपग्रहचित्रांवरून अनुमान

मेघाचा तळ आणि माथा यांमधील उभे अंतर म्हणजे मेघाची जाडी, ही व्याख्या जमिनीवरील निरीक्षकाला पुरते. उपग्रहाच्या संदर्भात मात्र दोन जाड्या वेगळ्या मानाव्या लागतात. पहिली भौमितिक जाडी. ती मीटरमध्ये सांगतात. दुसरी प्रकाशीय जाडी. मेघातून सरळ जाणारा प्रकाश किती क्षीण होतो याचे ते माप असून त्याला एकक नाही. उपग्रहाच्या हाती लागते ती दुसरी, आणि व्यवहारात हवी असते ती पहिली. दुसरीवरून पहिली कशी काढावी, एवढाच येथील प्रश्न आहे.

तळ जमिनीपासून सुमारे 2 किलोमीटरच्या आत असेल तर तो निम्न मेघ. स्तरमेघ, स्तरराशिमेघ आणि राशिमेघ हे त्याचे तीन प्रकार येथे घेतले आहेत. गडगडाटी राशिवर्षामेघाचा तळही खालीच असतो. पण त्याच्या वरच्या भागात हिमकण असल्यामुळे त्याचे गणित निराळे आहे.

मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर वसले आहे. 2015 व 2019 या वर्षांत राज्य शासनाने कृत्रिम पावसाचे प्रयोग येथून केले. त्यासाठी विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर सी-बँड डॉप्लर रडार बसवले होते. हिमकण नसलेल्या उष्ण मेघाच्या तळाशी क्षारकण सोडले, तरी थेंबांना वाढण्यास पुरेशी उंची मिळाल्याशिवाय पाऊस होत नाही. ढग आलेले दिसतात आणि न बरसता निघून जातात, हा मराठवाड्याचा दरसालचा अनुभव आहे. त्यामुळे जाडीच्या प्रश्नाला येथे व्यावहारिक वजन आहे.

हे काम रडार का करत नाही, असा आक्षेप संभवतो. रडारचा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. सी-बँडची तरंगलांबी सुमारे 5 सेंटीमीटर. 10 मायक्रॉन त्रिज्येच्या मेघकणांचा प्रतिध्वनी तिच्यात जवळजवळ उमटतच नाही. रडारला मेघ दिसू लागतो तो थेंब मोठे झाल्यावर. बीजारोपणाचा, म्हणजे क्षारकण सोडण्याचा, निर्णय त्याआधी घ्यावयाचा असतो. म्हणून उपग्रहाकडे वळावे लागते. इन्सॅट-3डी (2013), इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) या मालिकेतील प्रतिमाग्राहकाला सहा पट्टे आहेत. त्यांपैकी दृश्य व 1.6 मायक्रॉनचा लघुअवरक्त हे पट्टे 1 किलोमीटर विभेदनाचे, तर औष्णिक अवरक्त पट्टे 4 किलोमीटरचे आहेत.

पहिली पद्धत वजाबाकीची. औष्णिक पट्ट्यातून माथ्याचे तापमान मिळते व त्यावरून माथ्याची उंची. तळाची उंची जमिनीवरील निरीक्षणातून येते : हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतील प्रत्येक अंश फरकामागे सुमारे 125 मीटर. तापमान 27 व दवबिंदू 23 अंश सेल्सियस असेल, तर तळ 500 मीटरवर. मात्र ही उंची जमिनीपासूनची आहे. समुद्रसपाटीपासून ती 1,070 मीटर होते. उपग्रहावरून काढलेली माथ्याची उंची बहुधा समुद्रसपाटीपासून दिलेली असते. हे संदर्भतल एक न करता वजाबाकी केली, तर जाडीत 570 मीटर फुकटचे वाढतात, म्हणजे कित्येकदा मूळ मेघाहूनही अधिक.

संदर्भतल नीट धरूनही दोष उरतो. उंचीबरोबर तापमान किलोमीटरमागे 6.5 अंशांनी घटते असे धरले, तर तापमानातील एका अंशाची चूक सुमारे 150 मीटरची होते. पावसाळ्यात पूर्वेकडील उच्चस्तरीय वारे बंगालच्या उपसागरावरील गडगडाटी मेघांचे विरळ तंतुमेघ द्वीपकल्पावर पसरवतात. असा पातळ पदर वर असला की खालचा मेघ आहे त्याहून थंड, म्हणून उंच भासतो. माथ्यात 300 व तळात 150 मीटर चूक धरली, तर एकत्रित चूक सुमारे 335 मीटर होते. 400 मीटर जाडीच्या स्तरराशिमेघाबाबत असे उत्तर निरुपयोगी आहे. सावलीच्या लांबीवरून माथा काढण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही : जुलैच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य शहराच्या जवळजवळ डोक्यावर असतो, आणि सूर्य 30 अंशांवर असतानाही 1 किलोमीटर उंचीच्या माथ्याची सावली दृश्य पट्ट्याचे दोन पिक्सेलही भरत नाही.

दुसरी पद्धत परावर्तनाची. नाकाजिमा व किंग यांनी 1990 मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. दृश्य प्रकाश पाण्यात जवळजवळ शोषला जात नाही. म्हणून त्या पट्ट्यातील उजळपणा प्रकाशीय जाडीबरोबर वाढतो. 1.6 मायक्रॉनला पाणी किंचित शोषण करते, आणि थेंब जितका मोठा तितके शोषण अधिक. म्हणून त्या पट्ट्यातील उजळपणा थेंबांच्या परिणामी, म्हणजे प्रातिनिधिक, त्रिज्येवर अवलंबून राहतो. दोन मापांतून दोन अज्ञाते सुटतात.

मेघाखालची जमीन या गणितात येते, आणि तिच्या बाबतीत मराठवाडा अनुकूल आहे. भिजलेली काळी जमीन दोन्ही पट्ट्यांत गडद असते, त्यामुळे मेघाचा उजळपणा तिच्यावर स्पष्ट उठून दिसतो. ऑगस्टपर्यंत कपाशी, मका व तूर रान झाकतात आणि 1.6 मायक्रॉनला पार्श्वभूमी उजळते. सबंध हंगामासाठी एकच भूपरावर्तन धरणे म्हणूनच सदोष आहे. पडताळ्यासाठी पैठणचा नाथसागर जलाशय सोयीचा : पाणी दोन्ही पट्ट्यांत गडद असल्याने, काठावरून पाण्यावर सरकणाऱ्या एकाच मेघाचे गणित दोन्हीकडे जुळते का, हे तपासता येते. माध्यान्हीची वेळ मात्र टाळावी. तेव्हा पाण्याची चकाकी थेट उपग्रहाकडे येऊ शकते.

आता भौमितिक जाडीकडे. एक चौरस मीटर पायाच्या उभ्या स्तंभात असलेल्या मेघजलाला स्तंभजल म्हणू. वर चढणारी हवा भोवतालच्या कोरड्या हवेत मिसळत नाही असे गृहीत धरले, तर मेघजल तळापासून उंचीच्या प्रमाणात वाढते. तळाचे तापमान 20 अंशांच्या आसपास असता किलोमीटरमागे घनमीटरला सुमारे 2 ग्रॅम. अशा मेघात स्तंभजल हे प्रकाशीय जाडी व मायक्रॉनमधील त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या पाच नवमांश असते. प्रकाशीय जाडी 20 व त्रिज्या 10 मायक्रॉन असेल, तर स्तंभजल 111 ग्रॅम. आणि स्तंभजल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे जाडी सुमारे 333 मीटर. प्रकाशीय जाडी दुप्पट, म्हणजे 40, घेतली तर उत्तर 471 मीटर येते. वर्गमुळामुळे मूळ मापातील सापेक्ष चूक उत्तरात जवळपास निम्मी होते, तर वजाबाकीत ती वाढते. निम्न मेघांसाठी दुसरी पद्धत श्रेयस्कर मानण्याचे मुख्य कारण हेच आहे. तळाच्या अचूक उंचीची गरजही तिला उरत नाही.

गृहीतक मात्र क्वचितच पूर्ण उतरते. कोरडी हवा मिसळून मेघजल अपेक्षेच्या 60 टक्केच राहिले असेल, तर वरच्या उदाहरणातील खरी जाडी सुमारे 430 मीटर असते. हे प्रमाण उपग्रह सांगू शकत नाही. ते विमानातून मोजावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2009 मध्ये सुरू केलेल्या ‘कायपीक्स’ प्रकल्पातील विमानमापनांचे मोल यासाठीच आहे.

सर्वांत कठीण प्रकार दुपारच्या सुट्या राशिमेघांचा. मेघ पिक्सेलहून लहान असला की उजळ मेघ आणि गडद जमीन यांची सरासरी नोंदली जाते. प्रकाशीय जाडी कमी व त्रिज्या अधिक निघते. एखाद्या पिक्सेलचा अर्धाच भाग मेघाने व्यापला असेल, तर उत्तर पातळ, अखंड आवरणाचे येते, आणि तसे आवरण आकाशात कोठेच नसते. अशा पिक्सेलला जाडीचा आकडा देऊ नये; तो वेगळा दाखवावा. रात्री दृश्य पट्टा निरुपयोगी. तेव्हा 3.9 व 10.8 मायक्रॉनच्या तापमानांतील फरकावरून खालचा थर ओळखता येतो. पण थर थोडा जाड होताच हा फरक वाढेनासा होतो. त्यामुळे पहाटेच्या स्तरमेघाबाबत मेघ आहे एवढेच खात्रीने सांगता येते, आणि त्याच्या जाडीसाठी सूर्य पुरेसा वर येण्याची वाट पाहावी लागते.