लॅपटॉपचा पडदा लुकलुकतो तेव्हा...

महत्त्वाचे काम हातात असतानाच लॅपटॉपचा पडदा लुकलुकू लागतो. दुकानात नेल्यावर यंत्र न उघडताच निदान होते, 'मदरबोर्ड गेला' किंवा 'पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल'. खर्चाचा आकडा ऐकून नवाच लॅपटॉप घ्यावा, असे वाटू लागते. प्रत्यक्षात दोष सैल झालेल्या केबलमध्ये किंवा बिघडलेल्या ड्रायव्हरमध्येही असू शकतो. तो साधारण कोठे आहे, हे स्क्रू-ड्रायव्हर हाती न घेता घरीच पडताळता येते. तेवढे करूनच दुकानाची पायरी चढावी.

चित्राचा प्रवास

मदरबोर्डवरील ग्राफिक्स चिप चित्र तयार करते आणि बिजागरीजवळून जाणारी बारीक केबल ते पॅनेलपर्यंत पोहोचवते. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. त्यामागील दिवे ते उजळतात. जुन्या लॅपटॉपमध्ये या कामासाठी बारीक फ्लुओरोसंट नळी आणि तिला उच्च दाबाची वीज पुरवणारा इन्व्हर्टर असे. पुढे त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली. म्हणजेच दोष प्रामुख्याने चार ठिकाणी संभवतो : सॉफ्टवेअर, ग्राफिक्स चिप, केबल आणि पॅनेल किंवा त्यामागील दिवे. प्रत्येकाचा उपाय आणि खर्च निराळा असतो.

घरच्या घरी पाच चाचण्या

१) लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडावा. दोन्हीकडे चित्र लुकलुकत असेल, तर संशय ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपवर जातो. बाहेरचे चित्र स्थिर असेल, तर दोष बहुधा केबल, पॅनेल किंवा दिव्यांत असतो. मात्र केबलचे सॉकेट आणि दिव्यांना वीज देणारा भाग मदरबोर्डवरच असल्याने तो पूर्णपणे निर्दोष ठरत नाही.

२) लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये जावे. त्यासाठी कंपनीनुसार एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ असते. तेथे विंडोजचा ड्रायव्हर काम करीत नाही. तेथेही पडदा लुकलुकत असेल, तर 'फॉरमॅट मारून देतो' हा सल्ला निरुपयोगी समजावा.

३) बायोसमध्ये चित्र स्थिर असेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. इतर सर्व काही लुकलुकत असताना तो स्थिर राहिला, तर एखादा प्रोग्राम दोषी असण्याची शक्यता अधिक. तोही लुकलुकला, तर ड्रायव्हर पूर्वीच्या आवृत्तीवर न्यावा किंवा काढून पुन्हा बसवावा.

४) झाकण सावकाश पुढे-मागे करावे. विशिष्ट कोनातच चित्र बिघडत असेल, तर केबलचा संशय बळावतो. रोजच्या उघडझापीने ती झिजते किंवा सैल होते.

५) पडदा काळा पडला, तर त्यावर तिरका विजेरीचा झोत टाकावा. अंधूक चित्र दिसले, तर पॅनेलला चित्र पोहोचत आहे. दोष दिव्यांत किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यात आहे.

केवळ प्रकाशमान कमी केल्यावर लुकलुक जाणवत असेल, तर तो बिघाड असेलच असे नाही. अनेक पॅनेलमध्ये दिवे अतिवेगाने चालू-बंद करूनच प्रकाश कमी केला जातो.

सल्ला पारखताना

पूर्ण डिस्प्ले बदलण्याचा सल्ला दर वेळी फसवाच असतो, असेही नाही. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये दिव्यांच्या केबलचा दोष आढळला होता. ती डिस्प्लेलाच जोडलेली असल्याने संपूर्ण डिस्प्ले बदलावा लागे. मे २०१९ मध्ये कंपनीने त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. म्हणून आपल्या मॉडेलसाठी अशी योजना आहे का, हे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहावे. इतर अनेक लॅपटॉपमध्ये मात्र केबल स्वतंत्रपणे बदलता येते.

'चिप गरम करून देतो' या सल्ल्यापासून सावध राहावे. अशा उपायाने सदोष चिप काही काळ चालते आणि पैसे चुकते झाल्यावर दुखणे परतते. मदरबोर्ड गेल्याचे सांगितल्यास बाहेरच्या मॉनिटरवरची चाचणी समोर करून दाखवण्यास सांगावे. नवे पॅनेल घालण्यापूर्वी केबल काढून नीट बसवून पाहिली का, हेही विचारावे. जाणकार कारागीर अशा प्रश्नांनी चिडत नाही.

लॅपटॉप सोपवण्यापूर्वी

माहितीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. पडद्याच्या कामासाठी बहुधा पासवर्डची गरज नसते. तो देऊ नये. यंत्राचा अनुक्रमांक, तक्रार आणि अंदाजी खर्च पावतीवर लिहून घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा. दुरुस्तीचे बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद हवी असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

या चाचण्यांना अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून दुकानात न्यावेत. कोणत्या चाचणीत काय दिसले, हे सांगू शकणाऱ्या ग्राहकाला अंदाजपंचे निदान ऐकवणे सोपे नसते.