दात दुखत नसताना दंततपासणी कशासाठी?

"दात दुखत नाही, मग दातांच्या डॉक्टरांकडे कशाला जायचं?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. बीपी आणि शुगर वेळेवर तपासणारी माणसेही दातांच्या बाबतीत मात्र दुखेपर्यंत थांबतात. दुखले की आधी लवंगेचे तेल, मग वेदनाशामक गोळी, आणि तरीही थांबले नाही तर डॉक्टर, असा क्रम बहुतेक घरांत असतो.

अडचण अशी आहे की तोंडातील बहुतेक महत्त्वाचे आजार सुरुवातीला दुखत नाहीत. दुखायला लागते तेव्हा साध्या उपचाराची वेळ बऱ्याचदा निघून गेलेली असते. शिवाय यातील काही आजारांचा संबंध मधुमेह, हृदय, गर्भारपण आणि कर्करोगाशी येतो. म्हणून दंततपासणी हा संपूर्ण शरीराच्या तपासणीचाच एक भाग समजावा.

सुरुवातीला दुखत का नाही?

दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण म्हणजे एनॅमल. त्यात नसा नसतात. त्यामुळे कीड एनॅमलमध्ये असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ती आतल्या थरात गेली की गार किंवा गोड लागल्यावर ठणका येतो, आणि दाताच्या मधोमध असलेल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. पहिल्या टप्प्यात फ्लोराइडचा लेप किंवा लहानसे फिलिंग पुरते. शेवटच्या टप्प्यात रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो.

खूप दुखणारा दात काही दिवसांनी आपोआप शांत झाला, तर तो बरा झाला असे समजू नका. अनेकदा आतली नस मेलेली असते, म्हणून दुखणे थांबते. जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी पसरत राहतो.

हिरड्यांचेही असेच आहे. ब्रश केल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो रोज निघाला नाही तर कडक होतो. यालाच आपण किटण म्हणतो, आणि ते ब्रशने निघत नाही. किटणामुळे हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर उपचार केले तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हाच पायोरिया. झिजलेले हाड सहसा पूर्ण भरून येत नाही. हे सगळे वर्षानुवर्षे, फारसे न दुखता चालते आणि एक दिवस चांगला दिसणारा दात हलायला लागतो.

तंबाखू ओढणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे: धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून हिरड्या आजारी असूनही रक्त कमी येते. "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" या समाधानावर त्यांनी विसंबून राहू नये.

मधुमेह आणि हिरड्या

हे नाते दुहेरी आहे. साखर नियंत्रणात नसेल तर जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते आणि पायोरिया लवकर वाढतो. उलट, हिरड्यांमध्ये सतत सूज असेल तर त्या सुजेतून तयार होणारी रसायने रक्तात मिसळतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

पायोरियावर नीट उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेही रुग्णांचे एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांत दिसले आहे. ही घट लहान वाटली तरी उपयोगाची आहे. अर्थात मधुमेहाच्या गोळ्या, आहार आणि व्यायाम यांची जागा दात साफ करून भरून निघत नाही. पण पथ्य पाळूनही साखर वर राहत असेल, तर एकदा हिरड्या तपासून घ्याव्यात. आणि कमी वयात हिरड्यांना वारंवार गळू येत असेल किंवा एकाच वेळी बरेच दात हलू लागले असतील, तर रक्तातील साखर तपासावी.

हृदयविकार असल्यास

पायोरिया असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो. मात्र पायोरियामुळेच हृदयविकार होतो, किंवा हिरड्यांवर उपचार केले की हार्ट अटॅक टळतो, असे सिद्ध झालेले नाही. धूम्रपान आणि मधुमेह ही दोन्हींची समान कारणे आहेत.

एका बाबतीत मात्र संबंध थेट आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल, पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा काही प्रकारचे जन्मजात हृदयदोष असतील, तर तोंडातील जंतू रक्तात जाऊन झडपेवर वाढू शकतात. हा आजार जीवघेणा ठरू शकतो. अशा रुग्णांनी दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांवरील उपचारांपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. त्यांना आधी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते. हिरड्या निरोगी ठेवणे हा त्यांच्यासाठी रोजचा बचाव आहे.

गर्भारपणात

संप्रेरकांतील बदलांमुळे या काळात हिरड्या सहज सुजतात आणि रक्त येते. "पोटुशी असताना दातांना हात लावू नये" ही समजूत चुकीची आहे. तपासणी आणि दातांची सफाई कोणत्याही महिन्यात करता येते. फिलिंगसारखे उपचार चौथ्या ते सहाव्या महिन्यात सर्वांत सोयीचे पडतात. तीव्र दुखणे किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नका. डॉक्टरांना गर्भवती असल्याचे आधी सांगा आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

तंबाखू, मिश्री आणि सुपारी

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुना, मावा, खर्रा आणि मिश्री यांचा वापर थांबलेला नाही. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ती दात घासण्याची पावडर नव्हे. अनेक घरांत स्त्रिया ती दिवसातून दोन-तीन वेळा लावतात आणि तिला व्यसन म्हणतही नाहीत. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे.

यामुळे तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे येतात, किंवा गालाची आतील त्वचा कडक होऊन तोंड कमी उघडू लागते. स्वतःची बोटे एकावर एक उभी धरून पाहा: तीन बोटे तोंडात मावत नसतील तर तपासणी करून घ्या. हे बदल बऱ्याचदा दुखत नाहीत, आणि त्यातील काही पुढे कर्करोगात बदलतात. गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली स्वतःला नीट दिसत नाही. दंतवैद्य मात्र प्रत्येक तपासणीत तिथे पाहतात. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरे होण्याची शक्यता खूप जास्त असते.

दोन-तीन आठवड्यांत बरे न होणारे तोंडातले कोणतेही फोड, जखम किंवा गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

दंतवैद्यांना कोणती औषधे सांगावीत?

तुमची सगळी औषधे एका कागदावर लिहून न्या. पुढील औषधे विशेष महत्त्वाची आहेत.

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन इत्यादी): दात काढायचा म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. निर्णय डॉक्टर घेतील.
- हाडे ठिसूळ होण्यावरची इंजेक्शने (झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब): या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. म्हणून ती सुरू करण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत.
- अम्लोडिपिन, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन: यांमुळे काहींच्या हिरड्या वाढतात. औषध बंद न करता डॉक्टरांना सांगा.
- डोके-मान भागातील रेडिएशन: उपचार सुरू होण्याआधी दंततपासणी आवश्यक आहे. नंतर लाळ कमी होते, कीड झपाट्याने लागते आणि दात काढणे धोक्याचे ठरते.

तपासणीत नेमके काय होते?

साधी तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते आणि ती दुखत नाही. डॉक्टर दातांवरील कीड, जुनी फिलिंग, जीभ, टाळू, गालाची आतील बाजू आणि मानेतील गाठी पाहतात. एका बारीक मोजपट्टीने दात आणि हिरडी यांमधील फट मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंतची फट सहसा ठीक असते. ती वाढलेली असेल तर पायोरियाची शंका येते. गरज असेल तरच एक्स-रे काढतात. दाताच्या एक्स-रेमधील किरणांचे प्रमाण अगदी कमी असते.

किती दिवसांनी जावे?

सहा महिन्यांतून एकदा हा सोपा नियम आहे, पण तो सर्वांना सारखा लागू होत नाही. मधुमेह, पायोरिया, तंबाखूचे व्यसन किंवा वारंवार कीड लागण्याची प्रवृत्ती असेल तर तीन ते सहा महिन्यांनी जावे. दात-हिरड्या निरोगी असलेल्या प्रौढांना वर्षातून एकदा पुरू शकते. तुमचे अंतर दंतवैद्यांकडून ठरवून घ्या.

बाळाची पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाची समजून पालक दुर्लक्ष करतात आणि तिलाच सर्वांत आधी कीड लागते.

कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांनाही तपासणीची गरज असते. दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि गाल आहेतच. घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर त्याचे तोंड रोज स्वच्छ करा. तोंडातील जंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

"दात साफ केले की हलायला लागतात" हे खरे आहे का?

नाही. पायोरियामध्ये हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या जाड थरामुळे दात एकमेकांना चिकटून घट्ट वाटतात. थर काढला की खरी स्थिती समोर येते. हिरडीची सूज उतरल्यामुळे दातांमध्ये फटी दिसतात आणि काही दिवस गार लागल्यावर दात शिवशिवतात. स्केलिंगच्या यंत्राने किटण निघते, एनॅमल घासले जात नाही. उशिरा केलेल्या सफाईचा दोष सफाईला देऊ नये.

घरी काय करावे?

- फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा, दोन मिनिटे ब्रश करा. रात्रीचा ब्रश चुकवू नका.
- मऊ केसांचा ब्रश वापरा. जोराने आडवे घासल्याने दात झिजतात.
- दातांमधल्या फटी फ्लॉस किंवा छोट्या ब्रशने स्वच्छ करा.
- राखुंडी, कोळसा, मीठ किंवा मिश्रीने दात घासू नका.
- गोड बिस्किटे आणि साखरेचा चहा दिवसभर थोडा थोडा घेण्याऐवजी जेवणाच्या वेळेला जोडून घ्या.

ताबडतोब कधी जावे?

गाल किंवा हनुवटीखाली वाढणारी सूज, दातदुखीबरोबर ताप, तोंड उघडता न येणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर दंतवैद्यांची वेळ घेण्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मधुमेही रुग्णांमध्ये असा संसर्ग वेगाने पसरतो.

खर्चाची काळजी वाटत असल्यास

जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे. तेथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी खर्चात उपचार होतात. शाळेतील राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत मुलांचे दातही पाहिले जातात. त्यात काही आढळले, तर मिळालेली चिठ्ठी बाजूला ठेवून देऊ नका.

तुमची शेवटची दंततपासणी कधी झाली हे आठवत नसेल, किंवा ती दात दुखला तेव्हाच झाली असेल, तर या महिन्यात एक वेळ ठरवा. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा कोणी तंबाखू-मिश्री वापरत असेल, तर त्यांनाही सोबत घेऊन जा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या तब्येतीनुसार उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*