दर्या खवळला की गलबतं आत, युद्धनौका बाहेर

मी बोईसरचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. आजचा भाग छोटा आहे, पण आपल्याच समुद्राचा आहे.

पावसाळ्यात सातपाटीला गेलात तर होड्या आत घेतलेल्या दिसतील. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद हा आजचा सरकारी नियम, पण शहाणपण जुनं. 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य मराठी आरमारालाही हेच सांगतात: दर्या खवळायच्या आधीच गलबतं आत घ्या, किल्ल्याच्या आश्रयाला छावणी करा, आणि दरवर्षी एकाच बंदरात करू नका. म्हणजे आपला लढाऊ खलाशी वादळाशी झुंजत नव्हता, ते टाळत होता. यात भित्रेपणा नाही हां. शिडाच्या लाकडी जहाजाचं गणितच ते.

आजच्या नौदलाला ही सोय नाही. 17 मे 2021, तौक्ते चक्रीवादळ. आपल्या बोटी बंदरात, आणि मुंबईहून आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता निघाल्या बाहेर. पी-305 बार्जचे नांगर तुटले होते, वर 261 माणसं.

अशा दिवशी जहाजावर आयुष्य कसं चालतं? चालतंच, हीच गंमत. पहारा चार-चार तासांचा. फक्त संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात, म्हणजे दिवसात सात पाळ्या होतात आणि रोज त्याच माणसाच्या नशिबी मध्यरात्र येत नाही. (आमच्या ऑन-कॉलवाल्यांनी हे शिकावं.) सगळं सामान बांधून ठेवलेलं. स्वयंपाकघरात शेगडीला कठडे, भांडी अर्धीच भरलेली, कारण आमटी उसळली तर भाजणार आचारीच. झोप म्हणजे बंकमध्ये गुडघे अडकवून पडणं. समुद्र लागतो तो जुन्या खलाशालाही, पण ओकारी काढून माणूस परत पाळीवर उभा राहतो. जिन्यावर एक हात कायम कठड्याला.

खरं अवघड पुढे. लाटांना नाकावर घेतलं की जहाज त्यातल्या त्यात सावरतं. पण पाण्यातल्या माणसाला आडोसा द्यायचा तर कूस वाऱ्याकडे करावी लागते, आणि मग ते असं काही डोलतं की डेकवर जाळी सोडणाऱ्याचेच पाय सुटावेत. त्यात अंधार. संध्याकाळी पी-305 बुडाला आणि रात्रभर लाइफ जॅकेटवरचे दिवे शोधत माणसं वर ओढली गेली. 19 मेला कोची 125 जणांना घेऊन परतली. सगळ्या मोहिमेत 180 हून जास्त वाचले, 70 हून जास्त गेले.

त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर नावाचा दुसरा बार्ज वाहत आपल्या वडराईच्या खडकांवर येऊन बसला. त्यावरचे 137 जण मात्र 18 मेला सगळेच्या सगळे सुखरूप निघाले.