काडीमोडीपासून कायद्यापर्यंत

विवाहबंधन तुटण्यास मराठीत दोन शब्द रूढ आहेत आणि दोहोंचा इतिहास अगदी निराळा आहे. पहिला शब्द काडीमोड. पंचांच्या समक्ष गवताची काडी मोडावयाची आणि नवराबायकोचा संबंध संपला असे जाहीर करावयाचे, ही जुनी चाल या शब्दात साठवलेली आहे. दुसरा शब्द घटस्फोट. आज तो कायद्याचा आणि वर्तमानपत्रांचा शब्द झाला असला, तरी धर्मशास्त्रात त्याचा विवाहाशी काही संबंध नव्हता. पतित ठरलेल्या मनुष्यास त्याचे आप्त मेल्यासारखा मानीत, आणि त्या वेळी पाण्याने भरलेला घडा दासीकडून पायाने उपडा करवीत. त्या बहिष्काराच्या विधीचे नाव घटस्फोट. एक शब्द पंचांच्या व्यवहारातून आला, दुसरा पोथीतील प्रायश्चित्तप्रकरणातून. हिंदू समाजातील विवाहविच्छेदाचा इतिहास म्हणजे या दोन परंपरांमधील दीर्घ झगडा होय.

हिंदू विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, म्हणून तो तुटूच शकत नाही, असे विधान गेली दीडशे वर्षे पुष्कळदा केले गेले. या विधानाला मनुस्मृतीचा आधार आहे हे खरे. विक्रयाने किंवा त्यागाने पत्नी पतीपासून मुक्त होत नाही, असा मनूचा दंडक आहे. परंतु शास्त्रकारांचे या बाबतीत एकमत नव्हते. पती नाहीसा झाला, मृत्यू पावला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा नारदस्मृतीत आणि पराशरस्मृतीत आढळते. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात 'मोक्ष' हाच शब्द या प्रसंगी योजला आहे. एका पक्षाच्या नावडीने सुटका नाही, दोघांचाही परस्परांवर द्वेष असेल तर मात्र सुटका आहे, असे तो सांगतो. पण धर्म्य मानलेल्या पहिल्या चार विवाहप्रकारांना मात्र त्याने ही सवलत दिलेली नाही. पुढील काळातील निबंधकारांनी उदार वचनांचा अर्थ आकुंचित केला, आणि ब्राह्मणादी वरिष्ठ वर्गात सुटकेचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

बहुजनसमाजात मात्र तो कधीच बंद नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्यांचा व रूढींचा संग्रह सिद्ध केला. तो १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या जातींतील पाटाच्या आणि सोडचिठ्ठीच्या चाली नोंदविलेल्या आहेत. सोडचिठ्ठी किंवा फारकत मिळालेली स्त्री पाट लावून पुन्हा संसार थाटू शकत असे, आणि त्यामुळे तिची जात जात नसे. या पंचायती म्हणजे काही न्यायाची आदर्श मंदिरे नव्हेत. पंच पुरुषच असत आणि त्यांचा कलही पुष्कळदा पुरुषाकडेच असे. तथापि, न जमलेल्या संसारातून बाहेर पडता येते, एवढी जाण त्या व्यवहारात होती.

इंग्रजी न्यायालये स्थापन झाल्यावर या रूढींकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १८७६ सालच्या एका फौजदारी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पतीच्या संमतीवाचून स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मान्य करणार नाही. पतीने स्वखुशीने सोडचिठ्ठी दिली तर प्रश्न नव्हता. तो देत नसेल, तर पंचांकडे दाद मागण्याचा जो एक रस्ता स्त्रीला होता, तो या निर्णयाने अरुंद झाला. दुसरीकडे सरकारने १८६५ साली पारशी समाजासाठी आणि १८६९ साली ख्रिस्ती समाजासाठी घटस्फोटाचे कायदे केले होते. हिंदूंच्या धर्मात हात घालावयाचा नाही, या धोरणामुळे हिंदू स्त्रीसाठी मात्र कायदा नव्हता.

या परिस्थितीची तीव्रता रखमाबाईंच्या खटल्याने साऱ्या देशाला दिसली. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मुंबई उच्च न्यायालयात लावला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून आला होता. नांदावयास न जाणाऱ्या जोडीदाराला कैदेत टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली. हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यात ती तशीच राहिली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. बालपणी, स्वतःच्या समजुतीवाचून झालेल्या लग्नासाठी सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीकडे पाठविणे त्यांना न्याय्य वाटले नाही. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, एका महिन्यात पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनी आपण कैद पत्करू असे स्पष्टपणे कळविले. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली, तर बेहरामजी मलबारी आदी सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, रखमाबाईंना घटस्फोट मिळाला नाही, कारण तो मागण्याची सोयच नव्हती. त्यांच्या विधवा आईने जातीच्या चालीप्रमाणे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, आणि त्यास कोणाची हरकत नव्हती. पती हयात असलेल्या मुलीला मात्र कायद्याने पतीचे घर आणि तुरुंग यांतच निवड करावयास सांगितले. पतीला स्वतःच्या मुक्ततेसाठी घटस्फोटाची गरजच नव्हती, कारण एक बायको असता दुसरी करण्यास हिंदू पुरुषाला कायद्याची आडकाठी नव्हती. हिंदू घटस्फोटाचा प्रश्न मुख्यतः स्त्रीचा प्रश्न होता तो याच कारणाने. कैदेची ती तरतूदही हिंदुस्थानात १९२३ सालापर्यंत टिकून होती.

पुढची पावले प्रथम एका संस्थानाने टाकली. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्याविवाहास बंदी केली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. मद्रासने १९४९ साली या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आणल्या. ही जोडी योगायोगाची नव्हे. पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट बंद करावयाची, तर मोडलेल्या संसारातून दोघांनाही सारख्याच अटींवर बाहेर पडता आले पाहिजे, हा विचार तिच्यामागे होता.

अखिल भारतीय कायद्याचा मसुदा सर बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीने तयार केला. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे या समितीचे एक सभासद होते. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे नेले. घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली कल्पना आहे, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर इतिहासाला धरून होते. हिंदूंतील फार मोठ्या बहुसंख्य वर्गात घटस्फोटाची रूढी पूर्वापार आहे, मूठभरांची रीत सर्वांचा धर्म म्हणून का लादावी, असा त्यांचा सवाल होता. विरोध शमला नाही. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे बिलाचे भाग पाडण्यात आले. त्यांपैकी हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात रखमाबाईंचे निधन झाले.

या कायद्याने घटस्फोटाची कारणे मोजून दिली. जोडीदार व्यभिचारी जीवन जगत असणे, धर्मांतर, असाध्य वेड, महारोग, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, आणि सात वर्षे ठावठिकाणा नसणे ही त्यांपैकी प्रमुख होत. छळ आणि परित्याग यांसाठी मात्र प्रथम घटस्फोट नव्हता, केवळ न्यायिक विभक्तता होती. १९७६ च्या दुरुस्तीने ही दोन्ही घटस्फोटाची कारणे झाली, आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची तरतूदही आली. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावल्या गेलेल्या मुलीला अठरावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी ते लग्न नाकारण्याचा अधिकारही याच दुरुस्तीने दिला. रखमाबाईंनी जे मागितले होते, ते नव्वद वर्षांनी कायद्याच्या शब्दांत उतरले. महारोग हे कारण २०१९ साली वगळण्यात आले. संसार सावरण्यापलीकडे मोडला असेल, तर संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली आपण घटस्फोट देऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ साली सांगितले. मात्र हे स्वतंत्र कारण म्हणून संसदेने कायद्यात घातलेले नाही.

अशा रीतीने दोष सिद्ध करण्यापासून संमतीकडे कायद्याचा प्रवास झाला, आणि पंचांपुढे मोडल्या जाणाऱ्या काडीमागचा विचार न्यायालयाच्या दप्तरात आला. १९५५ च्या कायद्याने रूढीने होणारी काडीमोडही राखून ठेवली आहे. अट इतकीच की, तिचा आधार घेणाऱ्याने ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित असल्याचे सिद्ध करावे. त्याचबरोबर रखमाबाईंविरुद्ध वापरला गेलेला तो पुनःस्थापनेचा दावाही त्याच कायद्याच्या नवव्या कलमात कायम आहे. इंग्लंडने तो १९७० साली आपल्याकडे रद्द केला. उसनी आणलेली गोष्ट कोणती आणि घरची कोणती, याविषयीच्या समजुती किती उलट्या असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. घटस्फोटाने कुटुंबसंस्था बुडेल ही भीती १९५५ पूर्वी पुष्कळांनी बोलून दाखविली होती. ज्या घरांत काडीमोड पिढ्यानुपिढ्या चालत आली, तेथेही संसार होत राहिले, मुले वाढत राहिली. कायद्याने नवे केले ते एवढेच, की ती काडी मोडण्याचा अधिकार स्त्रीच्याही हाती दिला.